आर-शून्य ते आर-तीन : ओढ्याकाठच्या एका जलरंग अभ्यासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोरिवलीत माझा जलरंगाचा वर्ग आहे. शाळेतली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला शनिवारी येतात, रविवार सकाळ मोठ्या माणसांची. बहुतेक जण निवृत्त, दोन-तीन नोकरीवाले, एक गृहिणी. दरवर्षी डिसेंबरात उपनगरातल्या एका सभागृहात आम्ही दोन दिवसांचं प्रदर्शन लावतो. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी सगळ्यांना एकच काम दिलं होतं : बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कमधल्या ओढ्याचा निसर्ग अभ्यास.

निसर्गचित्र नव्हे, निसर्ग अभ्यास. निसर्गचित्रात उजवीकडचं झाड डावीकडे नेलं, आभाळ थोडं लाल केलं तरी कोणी जाब विचारत नाही. अभ्यासात ती मुभा नसते. समोरचा धोंडा असा का दिसतो, त्याचा खालचा भाग काळा आणि वरचा राखाडी का, पाणी इथे तपकिरी आणि चार हातांवर चांदीसारखं का, हे कागदावर सोडवायचं असतं.

वर्गातले सगळे ज्यांना काका म्हणतात त्यांचं हे प्रकरण. (त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) वय त्रेसष्ट. सगळं आयुष्य बांधकामाच्या नकाशांवर ड्राफ्ट्समन म्हणून गेलं. टी-स्क्वेअर गेला, कॉम्प्युटर आला, तरी ह्यांच्या खिशातली टू-एच पेन्सिल गेली नाही. रेषा अशी की मला हेवा वाटावा. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण ते मला "मॅडम, तुम्ही" म्हणतात आणि मी त्यांना "काका, तुम्ही". हे नातं पुढे महत्त्वाचं ठरलं.

जागा कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यालगतची. मुंबईत अशा वाहत्या पाण्याला आपण सर्रास नाला म्हणून मोकळे होतो. इथे मात्र खरा ओढा आहे. जूनमध्ये जागा होतो, दिवाळीपर्यंत खळखळतो आणि उन्हाळ्यात नुसता धोंड्यांचा रस्ता उरतो. हे धोंडे सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. कोरडे असताना निळसर राखाडी, वर गंजासारखी तांबूस साय. ओले झाले की जवळजवळ काळे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि राखाडीच्या जागी चक्क हिरवा दिसू लागतो.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी काकांनी अकरा बाय पंधरा इंचांच्या कागदावर रेखाटन केलं. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद, बोर्डावर टेपने बसवलेला. सत्तावीस धोंडे. मी मोजले नाहीत, त्यांनीच सांगितलं. प्रत्येक धोंड्याला कडा, प्रत्येक कडेला सावली. कोपऱ्यात तारीख आणि खाली छोट्या अक्षरांत 'आर-०'. नकाशात दुरुस्त्यांना जसे क्रमांक देतात तसं. पहिलं रेखाटन म्हणजे रिव्हिजन शून्य.

दुसऱ्या रविवारी आल्या आल्या त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, हा धोंडा मागच्या आठवड्यात पाण्याबाहेर होता."

"मग?"

"आज नाहीये. ड्रॉइंगमध्ये काय करू? खोडू?"

आठवडाभर पाऊस झोडपत होता. सत्तावीसमधले नऊ धोंडे पाण्याखाली गेले होते. मी वरवर उत्तर दिलं, "राहू द्या, पहिल्या दिवसाचं धरून चाला." काकांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. जे समोर नाही ते कसं काढायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. जागेवर बसवून अभ्यास करायला मीच सांगितलं होतं.

तिसऱ्या रविवारी रंग सुरू झाले. धोंडे उत्तम जमले. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी भरपूर पाण्यात कालवले, कागद तिरपा धरला की अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपसूक येतो. काकांना ते फार आवडलं. घोडं अडलं ते पाण्याशी. त्यांनी पाणी निळं रंगवलं, निळ्यावर अजून निळ्या रेषा, सगळ्या समांतर, जणू नकाशातलं जलाशयाचं चिन्ह. धोंडे वजनदार आणि त्यांच्यामध्ये निळी चटई अंथरलेली.

इथे माझ्या हातून ती गोष्ट झाली जी आमच्या धंद्यात रोज होते आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही. मी त्यांच्या स्टुलावर बसले आणि 'हात फिरवला'. चार नंबरचा ब्रश ओला करून निळ्या रेषा उचलल्या, कडा विरघळवल्या, ओल्यातच तपकिरी सोडला, मध्ये कागदाचा पांढरा राखला. चार मिनिटांत डोह तयार. बाकीचे जमले, वा वा झाली. काका शांतपणे माझा ब्रश धुऊन फडक्यावर ठेवत म्हणाले, "छान झालंय. तुमचं."

तो शेवटचा शब्द मला त्या दिवशी ऐकूच आला नाही म्हणा ना.

चौथ्या रविवारी काकांनी पाण्याला हातच लावला नाही. नुसते धोंडे गडद करत बसले. मग विचारलं, "पांढरं पाणी सुरक्षित ठेवायला काहीतरी लावतात ना?" मी खूश होऊन मास्किंग फ्लुइड सुचवलं. हे रबराचं दुधी द्रावण असतं. पांढरं राखायचं तिथे लावायचं, सुकलं की वरून बिनधास्त वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, द्यायचा, शेवटी बोटाने चोळून काढायचं. मी असंही म्हटलं, "घरीच लावून आणा, इथे वेळ जाईल."

आणि मग ओळीने सगळं चुकत गेलं. काकांनी शनिवारी रात्री ते लावलं. रविवारी हवामान खात्याचा इशारा, पार्कात जाणं रद्द. द्रावण आठ दिवस कागदावर तसंच बसलं. सर्दाळ हवेत सुकत नाही असं वाटून त्यांनी मध्येच हेअर ड्रायर फिरवला. उष्णता लागली की हे रबर तंतूंना आणखी घट्ट धरतं. त्यात कागद मागच्या वर्षी घेतलेला, वर्षभर कपाटावर गुंडाळी करून ठेवलेला. मुंबईचा एक पावसाळा असा काढलेल्या कागदावरचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला सरसाचा थर, जागोजागी मरतं. वॉश दिला की कुठे तरंगतो, कुठे टिपकागदासारखा आत जातो.

पुढच्या रविवारी काकांनी फ्लुइड चोळायला घेतलं. पहिल्या धबधब्याशी ते सोललं आणि त्याबरोबर कागदाचं कातडंही निघालं. पांढरं पाणी हवं होतं तिथे कापसासारखे तंतू उभे राहिले. एकूण पाच जागी.

कोणी काही बोललं नाही. काकांनी बोर्ड उलटा केला आणि डबा उघडून सगळ्यांना चकल्या वाटल्या.

समोरचे पर्याय

प्रदर्शनाला तेव्हा तीन महिने होते. परतताना गेटबाहेर चहा घेत आम्ही दोघांनी काय काय करता येईल ते मांडलं. काही पर्याय माझे होते, काही त्यांचे.

पहिला, फाटलेल्या जागा पांढऱ्या अपारदर्शक रंगाने भरून घेणे. जलरंगाच्या कट्टर मंडळींना हे पाप वाटतं. कागदाचा पांढरा तोच खरा पांढरा, अशी शिकवण मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि मीही त्यातच वाढले. पण जस्तापासून केलेला चायनीज व्हाइट १८३४ पासून बाजारात आहे, आणि ओढ्याकाठच्या खडकाचा जो अभ्यास जगभर नावाजला जातो, इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८५३ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनलसला केलेला, त्यातही शाईच्या आणि पातळ रंगाच्या जोडीला अपारदर्शक रंग आहे. त्यामुळे तत्त्वाची हरकत नव्हती. हरकत कागदाची होती. उसवलेल्या तंतूंवर पांढरा भरला की तो मलमपट्टीसारखाच दिसतो.

दुसरा, मोबाइलवरच्या फोटोंवरून घरी नव्याने करणे. बहुतेकांनी हेच केलं असतं. काकांकडे चाळीसेक फोटो होते. सोय म्हणाल तर पूर्ण : छप्पर, पंखा, डास नाहीत, माकडं नाहीत. पण फोटोत ओले धोंडे नुसते काळे ठिक्कर पडतात आणि फेस कोरा पांढरा. त्या दोन टोकांच्या मधलं जे काही डोळा बघतो, त्याच्यासाठीच तर हा खटाटोप होता. मी त्यांना ग्लेनफिनलसचीच दुसरी गोष्ट सांगितली. त्याच उन्हाळ्यात त्याच ओढ्यावर चित्रकार जॉन मिले रस्किनचं व्यक्तिचित्र तैलरंगात करत होता. खडक आणि पाणी त्याने जागेवर बसून रंगवलं, चित्र पूर्ण झालं ते पुढच्या वर्षी, स्टुडिओत. काका म्हणाले, "म्हणजे माणूस घरी काढता येतो, पाणी नाही." हे मला सुचलं नव्हतं.

तिसरा, चांगला भाग कापून माउंटमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवणे. वरच्या डाव्या कोपऱ्यात सात बाय नऊचा तुकडा निर्दोष होता. मला हा पर्याय सर्वांत व्यवहारी वाटला आणि मी तो जोर लावून मांडला.

काकांनी कपातला चहा संपवला. "त्या तुकड्यात डोह आहे, मॅडम. तो तुमचा आहे."

ह्या वेळी मात्र ऐकू आलं. मी माफी मागितली. ते अवघडले, "अहो, तसं नाही" वगैरे झालं, पण विषय एकदाचा उघड्यावर आला. तोवर मी हे सगळं तंत्राचं प्रकरण समजत होते : कागद, फ्लुइड, हवा. खरं तर त्यांनी फ्लुइड मागितलं ते पाण्याची धास्ती बसली म्हणून, आणि धास्ती बसली ती मी चार मिनिटांत करून दाखवलं म्हणून.

चौथा पर्याय त्यांचाच. सत्तावीस धोंडे सोडायचे. एकच धोंडा, त्याच्या पायाशी हातभर पाणी, बस. पण पावसाचा जोर ओसरल्यावर, आणि प्रत्येक बैठकीत पाणी कुठे होतं त्याची नोंद ठेवून.

काय केलं

सप्टेंबरचे उरलेले रविवार त्यांनी एकही रंग उघडला नाही. नुसते बसून बघत. मला हे जड गेलं. फी घेऊन माणसाला नुसतं बसवायचं म्हणजे शिक्षकाला चोरट्यासारखं होतं. दोनदा मी "निदान वही तरी काढा" म्हटलं, दोन्ही वेळा ते हसले.

तिसऱ्या रविवारी जे झालं ते मी आजही प्रत्येक बॅचला करून दाखवते. भुरभुर सुरू झाली म्हणून काकांनी छत्री उघडली. जुनी, काळी, लाकडी मुठीची. पाण्याच्या काठाशी उकिडवे बसून ते वाकले तशी छत्री डोहावर आली आणि काका ओरडले, "अहो, तळ दिसतोय!" छत्री बाजूला घेतली की पाणी रुपेरी, काहीच दिसेना. परत आणली की तळाचे तांबूस गोटे, कुजलेलं सागाचं पान, एक इवलासा मासा. छत्रीमुळे आभाळाचं प्रतिबिंब अडत होतं आणि त्याच्या आड लपलेलं आतलं पाणी उघडं पडत होतं.

तिथेच बसून त्यांनी वहीत छेद काढला. घराचा काढतात तसा सेक्शन. डोळा, पाण्याची पातळी, तळ. पायाजवळच्या पाण्यावर नजर उभी पडते, म्हणून ती आत शिरते आणि तळाचा रंग घेऊन येते. लांबच्या पाण्यावर ती आडवी घासत जाते, म्हणून आभाळ घेऊन येते. धोंड्याच्या सावलीत आभाळच नाही, म्हणून तिथे पुन्हा तळ. मी हे पंधरा वर्षं "जवळ गडद, लांब फिकं" एवढ्यावर शिकवत आले होते. त्यांच्या छेदात ते कारणासकट होतं, आणि वर पेन्सिलीने कोनही मांडलेले.

मुंबईतून पाऊस परतायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतरच्या रविवारी काम सुरू झालं. नवा कागद, सात बाय दहा इंच. दुकानातून आणल्या आणल्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघितला. तो थेंब काही वेळ फुगून राहिला, तेव्हाच पसंत केला. बसायची वेळ सकाळी आठ ते साडेनऊ, कारण नंतर झाडावरून ऊन सरकतं आणि सगळ्या सावल्या खोट्या ठरतात.

धोंड्यावर पांढऱ्या खनिजाचा वाटाण्याएवढा ठिपका होता. थंड होणाऱ्या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर अशा खनिजांनी भरतात. काकांनी तो ठिपका बेंचमार्क, म्हणजे मोजमापाचा पक्का बिंदू, धरला. दर बैठकीला पट्टी लावून ठिपक्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि कागदाच्या समासात लिहायचं : आर-१, चार इंच. दोन रविवारांनी आर-२, साडेसहा. पाणी उतरत होतं आणि उतरताना धोंड्यावर मागे एक काळी ओली पट्टी सोडत होतं. वर कोरडा राखाडी, मग ही दोन बोटांची पट्टी, मग पाणी. ऑगस्टमध्ये ज्या बदलाने काका हैराण झाले होते, तोच आता चित्राचा विषय झाला. पट्टीची वरची कड त्यांनी तुटक ठेवली, कारण दगड सगळीकडे सारखा सुकत नाही. खालची कड धारदार.

पाणी त्यांनी तीन थरांत केलं. आधी पूर्ण भागावर फिकट तपकिरी तळ. तो पूर्ण सुकल्यावर गोट्यांच्या सावल्या, कडा भिजवून मऊ केलेल्या. शेवटी आभाळाचा फिका निळा, फक्त लांबच्या भागात, एका फटक्यात. निळ्याच्या वेळी त्यांचा हात थरथरला आणि एक ओघळ गोट्यांवर आला. माझा हात आपोआप पुढे गेला होता. मी तो ओढणीखाली घेतला. ओघळ तसाच राहिला. तो वाईटच दिसतो, त्यात काही छुपं सौंदर्य वगैरे नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी आकार. त्या माणसाला पहिल्याच दिवशी अकरा बाय पंधराचा कागद आणि पूर्ण ओढा देणं ही माझी हौस होती. प्रदर्शनात भिंत भरते ना. एका बैठकीत जेवढं खरंच बघून होतं, तेवढाच कागद द्यायला हवा होता.

मास्किंग फ्लुइड मी आता जून ते सप्टेंबर वर्गात आणूच देत नाही. वापरायचंच तर त्याच कागदाच्या कपट्यावर आधी लावून, काढून बघायचं आणि चित्रावर लावलेलं त्याच दिवशी काढायचं. ड्रायर तर अजिबात नाही. कागदाची गुंडाळी करायची नाही, सपाट ठेवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून. हे सगळं मला आधीही माहीत होतं. सांगायचं राहिलं, कारण धोंडे छान चालले होते.

हात फिरवण्याबद्दल मी नियम केला आहे : दाखवायचं ते वेगळ्या कपट्यावर. पाळला जातो का? लहान मुलांच्या वर्गात नाही, खरं सांगते. पालक दाराशी उभे असतात.

एका गोष्टीवर माझं अजून मत ठरलेलं नाही. ऑगस्टचा तो दुथडी पांढरा ओढा ऑक्टोबरात नव्हता. पावसाचा जोर ओसरायची वाट बघितली म्हणून कागद सुखरूप राहिला, पण ज्या पाण्याने काका पहिल्या दिवशी खुळावले होते, ते त्यांच्या अभ्यासात कुठेच आलं नाही. ऑगस्टमध्येच, पण तळहाताएवढ्या कागदावर, वीस-वीस मिनिटांचे दहा अभ्यास करून घेतले असते तर? कदाचित तेच बरं होतं. काका म्हणतात, मग छत्री कुठली आली असती.

काय झालं

नोव्हेंबरात आर-३ झालं. ठिपक्यापासून पाणी नऊ इंच. डिसेंबरात प्रदर्शनाच्या वेळी फ्रेमवाल्याने समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी माउंटखाली झाकायची तयारी केली होती, "खराब दिसतं" म्हणून. मी आधी हो म्हटलं, रात्री विचार करून सकाळी फोन केला, आणि मोठ्या खिडकीचं नवं माउंट कापून घेतलं. जास्तीचे पैसे मी भरले. तारखा, इंच, एका बाजूला तो छेद, सगळं दिसत होतं.

चित्र विकलं गेलं नाही. लोक शेजारच्या सूर्यास्तासमोर फोटो काढत होते. फाटलेला मोठा कागद काकांनी आणला होता, पण लावायला नाही. टेबलाखाली ट्यूबमध्ये ठेवला होता आणि कोणी विचारलं तरच उलगडत होते. पाच भोकांकडे बोट दाखवून काय कसं झालं ते सांगत, माझ्या डोहापाशी मात्र थांबत नसत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ बराच वेळ वाकून समासातल्या नोंदी वाचत होते. मग काकांकडे वळून म्हणाले, "छान आहे. पण हे पूर्ण कधी होणार?"

काकांनी चष्मा पुसला. "आता पाणी आटत आलंय. आर-४ जूनमध्ये."